कोविडचं इंजेक्शन सांध्यांसाठी कसं?

एप्रिल-मे २०२१ आठवतो? महाराष्ट्रभर रुग्णांचे नातेवाईक ‘टोसिलिझुमॅब’ची चिठ्ठी घेऊन मेडिकलमागून मेडिकल पालथी घालत होते. आता रत्नागिरीत आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, एखाद्या रुग्णाला तेच नाव लिहून दिलं की प्रश्न येतो, "डॉक्टर, हे तर कोविडचं इंजेक्शन ना?" खरं तर उलट आहे. ते आधी सांध्यांचं औषध होतं.

आपल्या प्रतिकारपेशी रासायनिक निरोपांवर चालतात. निरोप घेणारी पेशीवरची जागा म्हणजे रिसेप्टर. कुलपासारखी, ठरावीक किल्लीच लागते. ‘आयएल-६’ ही अशीच एक किल्ली. ती लागली की दाह भडकतो. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये आयएल-६ चं जनुक शोधलं आणि १९८८ मध्ये तिच्या रिसेप्टरचं. मग त्या कुलपात आधीच जाऊन बसणारी अँटिबॉडी तयार झाली. तीच टोसिलिझुमॅब. जपानमध्ये २००८ साली तिला आमवातासाठी मान्यता मिळाली.

भारताचीही अशीच एक गोष्ट आहे. टी-पेशींवरच्या ‘सीडी-६’ रिसेप्टरला अडवणारं इटोलिझुमॅब क्युबातल्या संशोधनातून आलं. बंगळुरूच्या बायोकॉनने ते विकसित केलं आणि २०१३ मध्ये ते सोरायसिससाठी बाजारात आलं. २०२० साली मुंबई आणि दिल्लीतल्या चार रुग्णालयांत कोविडच्या ३० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. औषध मिळालेले २० जण वाचले, न मिळालेल्या १० पैकी ३ दगावले. आपत्कालीन वापराला परवानगी मिळाली. पण ३० हा आकडा फारच लहान, म्हणून शंका उरली.

टोसिलिझुमॅबची ब्रिटनमधली चाचणी ४,११६ रुग्णांवर झाली. शंभरात सुमारे ३५ मृत्यू होत होते, ते ३१ वर आले. जादू नव्हे, पण फायदा खरा. ज्या औषधासाठी लोकांनी जिवाचं रान केलं, त्याचं माप एवढंच होतं.

सांध्यांसाठी मात्र ते एकदाच घेऊन भागत नाही. त्यामुळे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आयएल-६ चा निरोप थांबला की आग शमते, पण धोक्याची घंटाही बंद पडते. जंतुसंसर्ग असूनही ताप चढत नाही, रक्तातला सीआरपी नॉर्मल येतो. म्हणून सुरू करण्याआधी टीबीची तपासणी टाळू नका. नंतर खोकला रेंगाळला, जखम चिघळली किंवा पोटात जोरात दुखू लागलं, तर ‘ताप नाही ना’ म्हणून घरी थांबू नका. आणि डॉक्टर कोणतेही असोत, आधी सांगा: मी हे इंजेक्शन घेतो.