ऐनाच्या फांदीवरचा कोष : राब, टसरचं पाखरू आणि तोड्याची बंदूक



राबासाठी ऐनाचे टहाळ तोडायचं काम आमच्याकडे दरवर्षी माघ-फाल्गुनात असतं. (आम्ही टहाळ म्हणतो, रायगड-रत्नागिरीकडे कवळ म्हणतात.) तीन वर्षांपूर्वी असाच वरकसातल्या एका ऐनावर चढलो होतो. पानं निम्मी झडलेली. कोयत्याचा घाव घालणार तेवढ्यात फांदीला लोंबणारं एक अंड्याएवढं काहीतरी दिसलं. रंग मातकट, राखाडी. वर काळसर देठ, आणि त्या देठाची पक्की कडी फांदीभोवती आवळलेली. ओढून बघितलं, निघेना. शेवटी डहाळीच तोडून खाली आणली. कानाशी हलवलं तर आत काहीतरी जड वस्तू टकटक वाजली.

लहानपणी असली 'अंडी' आम्ही खेळायला घ्यायचो. त्याच्या आत काय असतं हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. बाकीचे टहाळ तोडले, वाळवले, चैत्रात आवणाच्या जागेवर शेण, टहाळ, गवत, पाचोळा, वर माती असे थर दिले आणि भाजले. त्या टहाळांत अजून किती कोष होते, कोण जाणे. हा लेख त्या कोषाबद्दल आहे.

हा कोष टसरच्या पाखराचा. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. विदर्भात ज्याला कोसा म्हणतात, ज्याच्या धाग्याची करवतकाठी साडी होते, तोच हा किडा. तो फक्त गडचिरोली-भंडाऱ्याचा, असं मला वाटायचं. पण जिथे ऐन, अर्जुन, बोंडारा, बोर आहे तिथे तो रानात आपसूक असतो, आणि जव्हार-मोखाड्यात ऐनाला तोटा नाही.

पाखरू एकदा बघितलं की विसरत नाही. मादीचे पंख पसरले तर वीतभर भरतात. मादी पिवळसर, नर विटकरी तांबूस. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध खवले नसलेली पारदर्शक काच. पंखामागे बोट धरलं तर त्यातून दिसतं. आपल्या भागात पावसाळ्यात मोबाइलवर फिरणारे फोटो बहुधा ॲटलास पतंगाचे असतात. त्याच्या पंखावरची काच तिकोनी असते आणि पंखाचं टोक सापाच्या तोंडासारखं दिसतं. फिकट हिरवा, मागे लांब शेपट्या असलेला तो चांद पतंग. हे सगळे एकाच घराण्यातले. पण गोल डोळे आणि फांदीला कडी घातलेला दगडासारखा कोष दिसला तर तो टसर समजावा.

आता इतिहास.

मुंबई सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करायला नेमलं. शेती, वस्ती, हवामान, जनावरं, पक्षी, सगळ्याची नोंद करणं हे त्याचं काम. या साइक्सने दख्खनच्या रानटी रेशमी किड्यावर एक निबंध लिहिला आणि तो १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला. किड्याचं इथलं नाव त्याने इंग्रजी अक्षरांत 'कोलिसुरा' असं लिहून ठेवलं आहे. आता ते कोळीसुरा की कोळिसरा, हे त्या स्पेलिंगवरून नक्की करता येत नाही. माझ्या मते त्यातला कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा असावा.

पण मला जास्त आवडली ती त्याची दुसरी नोंद. मराठे लोकांना हा कोष चांगला माहीत आहे, पण धागा काढण्यासाठी ते तो वापरत नाहीत, असं तो म्हणतो. ते कोष गोल गोल कापून त्याची लांब पट्टी काढतात आणि तोड्याच्या बंदुकीची नळी त्या पट्टीने लाकडी दस्त्याला बांधतात. चामड्यापेक्षा ती टिकाऊ. मी कोष कोयत्याने कापून बघितला आहे, त्यामुळे हे मला सहज पटलं. तो आधी दबतच नाही, आणि कापल्यावर जी पट्टी निघते ती दोन्ही हातांनी ओढून तुटत नाही.

म्हणजे दूरच्या गावात ज्या वस्तूचं महावस्त्र होत होतं, तिचा आमच्या बाजूला दोरीसारखा वापर होता. यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. ज्याला बंदूक बांधायची आहे त्याला साडी कशाला सुचेल?

टणकपणाचं कारणही बघण्यासारखं आहे. अळी कोष विणून झाला की तो आतून स्वतःच्या स्रावाने भिजवते. त्यात चुन्याचा अंश (कॅल्शियम ऑक्झलेट) आणि टॅनिन असतं. ते वाळलं की कोष सिमेंटच्या गिलाव्यासारखा होतो. ऐनाच्या सालीची राख विड्याच्या पानात चुन्याऐवजी खाणारे म्हातारे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे नवल वाटणार नाही. त्या झाडातच चुना आहे. मग एवढ्या पक्क्या कोठडीतून पाखरू बाहेर कसं येतं? ते तोंडातून एक पाचक रस सोडतं, देठाकडचं टोक ओलं करून धागे सैल करतं आणि डोक्याने रेटून निघतं. रिकाम्या कोषाला देठाजवळ मऊ तोंडाचं भोक दिसतं ते याचंच. बारीक, कडक कडेचं भोक कुशीत दिसलं तर मात्र आत परजीवी शिरला होता असं बहुतेक वेळा समजावं.

रानटी रेशमाचा आपल्याकडचा इतिहास साइक्सच्या फार मागे जातो. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं. तिथे ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत अडकून राहिलेला धागा तपासला तेव्हा त्यात रेशीम निघालं. ते मूल तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. हे रेशीम चीनचं नसून आपल्या रानातलं असावं, असा अभ्यासकांचा कल आहे. त्याच्याही आधीच्या हडप्पाच्या धाग्यांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात याच अँथेरिया कुळाचं रेशीम ओळखलं गेलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'पत्रोर्ण' म्हणजे पानावरची लोकर असा शब्द येतो, तोही रानटी रेशमालाच लावतात. झाडावरच्या अळीची लोकर. शब्द शेतकऱ्याच्या डोळ्यांनी घडवलेला आहे.

इंग्रजांच्या काळात यातून पैसा काढायचे प्रयत्न झाले. पुण्याजवळ कोथरूडला (हो, आताचं कोथरूड!) मुट्टी नावाच्या इटालियन गृहस्थाने १८३० च्या दशकात तुतीची लागवड केली, सरकारने हातभार लावला, पण काही वर्षांत ते बारगळलं. मग १८७० च्या दशकात मेजर कूस्मेकर या अधिकाऱ्याने पुण्यातच टसरच्या अळ्या पाळून पाहिल्या. तिकडे इंग्लंडात लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल याने टसरचा मातकट धागा उजळवून रंगवायची युक्ती बसवली आणि १८८१ साली भारतातल्या रानटी रेशमांवर पुस्तक काढलं. एवढं होऊनही पश्चिम महाराष्ट्रात टसर रुजलं नाही. विदर्भात ते आधीपासून होतं आणि टिकलं, कारण तिथे ढिवर समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ते काम येत होतं. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, दिवसभर पाखरं, मुंगळे, गांधीलमाश्या हाकलायच्या, पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या.

या राखणीचे नियम कडक. एकोणिसाव्या शतकातल्या मध्य भारताच्या अहवालांत येतं की अळ्या झाडावर असेपर्यंत राखण करणारा मांस-मासळी सोडतो, बायकोपासून दूर राहतो, विटाळ पाळतो. साहेबांनी त्याला अंधश्रद्धा म्हटलं. मला त्यात दुसरंही दिसतं. अळ्यांचा रोग हाताने पसरतो. बाहेरची ये-जा कमी, हात-अंग स्वच्छ, माणूस रात्रंदिवस झाडाखाली, एवढं झालं तरी निम्मं काम होतं. सगळे नियम शास्त्र होते असं मी म्हणत नाही, पण सगळं खुळ होतं असंही नाही.

आमच्या घरी नियम एकच होता. मिरगाच्या पावसात दिव्यावर मोठं पाखरू आलं तर आजी ते मारू द्यायची नाही. "दोन दिसांचा पावना हाय, बसू दे," म्हणायची. ती बरोबर होती. या पाखराला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्यावर ते आठवडा-दहा दिवस जगतं, जोडी जमवतं, मादी दीडशे-दोनशे अंडी घालते आणि संपतं.

आता राबाकडे येतो, कारण खरी गाठ इथे आहे.

पाऊस लागला की कोषातून पाखरं निघतात. अंड्यातून आठ-दहा दिवसांत अळी. पुढे महिना-सव्वा महिना ती ऐनाचा पाला खाते, चार वेळा कात टाकते, हिरवीगार, बोटापेक्षा जाड होते आणि कोष करते. पावसाळाअखेरच्या पिढीचे कोष मात्र फुटत नाहीत. आतला किडा दिवाळीपासून पुढच्या मिरगापर्यंत झोपतो. पान झडतं, फांदी उघडी पडते, वणवा खालून जातो, तरी कडीमुळे कोष फांदीवरच राहतो. सहा-सात महिन्यांचा हा सगळा मुक्काम नेमका आमच्या टहाळतोडीच्या आणि भाजणीच्या दिवसांत येतो. थंडी-उन्हाळ्यात तुटलेल्या फांदीबरोबर पुढच्या पावसाचं पाखरूही आवणात जळतं.

म्हणून राब बंद करा, असं कुणी सांगायला आलं तर माझं त्याच्याशी भांडण आहे. हे भांडण जुनंच आहे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात राबाच्या टहाळांवरून इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन बसवावं लागलं, १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात, जव्हार मुकणे राजांचं संस्थान. जंगलखात्याचं म्हणणं, राबाने झाडं मरतात. शेतकऱ्याचं म्हणणं, राबाशिवाय रोप होत नाही. शेतीतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली आहे. भाजलेल्या जागेत तणाचं बी मरतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते, नागली-वरईचं रोप जोमाने येतं. वरकसावर पाणी नाही, खताला पैसा नाही, तिथे हे सोडा म्हणणं सोपं आहे. त्या सगळ्या कागदांत कोषाचा मुद्दा माझ्या पाहण्यात नाही. दोन्ही बाजूंना फांदी दिसत होती.

मी काय केलं ते सांगतो. त्या वर्षानंतर टहाळ भाजायच्या आधी बायको आणि मी ते उलटेपालटे करून बघतो. पहिल्या वर्षी ३१ कोष निघाले. त्यातले २२ रिकामे किंवा बारीक भोक पडलेले, ९ जड. ते नऊ डहाळीसकट टोपलीत घालून पडवीत टांगले, उंदरापासून लांब. मिरगाच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पहिली मादी निघाली. पंख ओल्या कापडासारखे लोंबत होते, तासा-दोन तासांत ताठ झाले. ती टोपलीलाच बसून राहिली. रात्री पाऊस थांबला होता. पहाटे उठून बघतो तर तिच्याजवळ कोषातून न निघालेला, बाहेरून आलेला विटकरी नर. तिच्या वासावर तो कुठून आला असेल, तिकडचा एखादा ऐन अजून उभा असणार. नऊपैकी सहा निघाले. उरलेल्या तीनपैकी एकातून उजी माशी निघाली, दोन तसेच वाळले.

झाडांची वाटणीही बदलली. आधी सगळे ऐन दरवर्षी खरडायचो. आता बांधावरच्या चौदा झाडांपैकी पाच आळीपाळीने सोडतो, आणि तोडतो त्यांचाही शेंडा ठेवतो. टहाळ कमी पडला तिथे भाताचा पेंढा आणि गवत वाढवलं. नागलीच्या रोपात मला फरक दिसला नाही, वरईच्या एका आवणात तण जरा जास्त आलं. कृषीवाल्या मित्रांनी यावर जरूर बोलावं.

टसर पाळून पैसे होतील का, असं फोनवर दोघातिघांनी विचारलं. सध्या माझं उत्तर 'नाही' असं आहे. आपला पाऊस बारक्या अळ्या झाडावरून धुऊन नेतो, राखणीला आवणीच्या दिवसांत माणूस कुठून आणणार, आणि कोष घेणारा बाजार नागपूरच्या पलीकडे. उगाच कुणी अंडीपुंज घेऊन अंगणात योजना मांडली तर आधी हे तीन प्रश्न विचारा.

एक काम मात्र करा. साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी एका गावात विचारलं म्हणून कोलिसुरा हा शब्द तरी कागदावर राहिला. आमच्या पाड्यावर आता सगळे त्याला नुसतं 'अंडं' म्हणतात. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना कोष दाखवा आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, ज्या बोलीत ते बोलतील त्यात त्याला काय म्हणायचे ते विचारा. सूर्यमाळ, खोडाळा, दाभोसा बाजूच्या मंडळींनी तर नक्कीच. नाव, गाव आणि कोष कोणत्या झाडावर मिळाला एवढं लिहा. दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो असेल तर भोक कुठलं ते सांगता येईल.