खानदेशचे मांडे : खापर, मंडक आणि पुरण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दिवशीं जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर जें पक्वान्न होतें, त्यास कोणी मांडे म्हणतात, कोणी खापरावरची पुरणपोळी म्हणतात. अहिराणींत ळकाराचा यकार होऊन पोळीची पोयी होते. नांवें दोन असलीं तरी वस्तु एकच. मात्र या दोहोंपैकीं जुनें नांव कोणतें, आणि तें वस्तूच्या कोणत्या अंगास चिकटलेलें आहे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. जुन्या पोथींत 'मांडे' हा शब्द आला कीं आपल्या डोळ्यांपुढें पुरण भरलेली मऊ पोळी उभी राहते, आणि कित्येकदां तोच अर्थ आपण टीपेंत लिहून मोकळे होतों. हा अर्थ सर्व काळीं लागू करणें युक्त आहे काय, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

जें आज प्रत्यक्ष चालू आहे तें आधीं नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. खापर म्हणजे कुंभारानें घडविलेलें पसरट, खोलगट असें मातीचें भांडें. तें चुलीवर उपडें घालतात, त्यामुळें त्याची फुगीर पाठ वर येते व तीच तव्याचें काम करते. कपाशीचा मुलूख असल्यामुळें चुलींत पुष्कळदां पऱ्हाट्याच असतात. गव्हाचें पीठ वस्त्रगाळ करून, मीठ घालून, रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षां पुष्कळ सैल भिजवितात, तेलाच्या हातानें तिंबतात व कांहीं वेळ झांकून ठेवितात. हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ अगर साखर घालून पुरण वाटतात. कणकेच्या दोन लहान पाऱ्यांमध्यें पुरण ठेवून कडा मिटविल्या, थोडें लाटलें, कीं पोळपाटाचें काम संपलें. पुढचें सर्व हातांवर. सुगरण ती पोळी तळहातावर घेऊन या हातावरून त्या हातावर अशी फिरविते कीं, ती आपल्याच भारानें वाढत जाऊन मनगटापलीकडे कोंपरापर्यंत उतरते. पुरण मात्र कोठें फुटून बाहेर येत नाहीं. मग ती एका झटक्यानें खापरावर पसरावयाची, एकदां उलथावयाची, आणि उतरवून घडी घालावयाची. हें कसब लेखानें सांगण्यासारखें नव्हे. तें आई किंवा सासू यांच्याजवळ बसूनच येतें. असे मांडे आमरसाशीं, दूधतुपाशीं, आणि डाळीच्या कटाची जी तिखट रशी होते तिच्याशीं खातात. आखाजीस नवी घागर पाण्यानें भरून पितरांच्या नांवानें पुजावयाची असते. तिच्यापुढील नैवेद्यांतहि हेंच पक्वान्न.

आतां लेखी पुराव्याकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमारास झाला. गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्यें गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनीं त्याचें संपादन केलें व ज्या भागांत राजाच्या अन्नभोगाचें प्रकरण आहे तो दुसरा भाग १९३९ मध्यें निघाला. या प्रकरणांत 'मंडक' करण्याची कृति क्रमवार दिली आहे. गहूं धुऊन उन्हांत वाळवावे, जात्यावर दळावे, चाळून बारीक पीठ घ्यावें. त्यांत थोडें तूप व मीठ घालून दूधपाण्यांत भिजवावें. मोठ्या लांकडी परातींत हातानें आपटून चिकण होईपर्यंत मळावें. गोळे करून, तळहातास स्निग्ध पदार्थ लावून व गोळ्यांस तांदुळाची पिठी लावून, ते हातांच्या फिरवण्यानेंच विस्तृत करावे. आणि तापलेल्या 'खर्परा'वर टाकून त्वरेनें काढावे. येथें दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक अशी कीं, आपला 'खापर' हा शब्द त्याच 'खर्परा'चा वंशज असून ज्या कामासाठीं तो तेथें आला आहे त्याच कामासाठीं तो आजहि आपल्या चुलीवर आहे. दुसरी अशी कीं, या सबंध कृतींत पुरणाचा मागमूस नाहीं.

सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथांत कृतान्नवर्गांत मंडकाची कृति पुन्हा येते. तेथें तर भांड्याविषयीं संशयास जागाच ठेवलेली नाहीं. हातानें पसरलेली कणीक उपड्या घातलेल्या घटाच्या बाहेरच्या अंगावर टाकावी व मंद अग्नीवर सिद्ध करावी, असें तो म्हणतो. पुढें ती कशाशीं खावी तेंहि सांगतो: दुधाशीं, तूपसाखरेशीं, अगर शिजविलेल्या मांसाशीं. आणि आमच्या मुद्द्यास सर्वांत उपयोगी गोष्ट अशी कीं, याच वर्गांत मंडकाहून अगदीं निराळा असा दुसरा पदार्थ 'वेढमिका' या नांवानें सांगितला आहे. उडदाची वाटलेली डाळ पोटांत भरून केलेली गव्हाची रोटी ती वेढमिका. गुजराथेंत पुरणपोळीस आजहि वेढमी म्हणतात. डाळ उडदाची जाऊन तुरीची आली, एवढाच फरक. म्हणजे भावमिश्राच्या लेखीं हातावर वाढवून उपड्या मडक्यावर भाजावयाचें एक अन्न होतें आणि डाळ भरावयाचें अन्न दुसरें होतें. खानदेशी मांड्यांत हीं दोन्हीं एकत्र आलीं आहेत. गुजराथच्या शेजारास असलेल्या, व ज्याच्या बोलींतहि गुजराथीची छटा आहे अशा या प्रांतांत हा संयोग व्हावा यांत आश्चर्य नाहीं.

हा तर्क पडताळून पाहण्यास साधन खानदेशांतच आहे. बुऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशांत असलें तरी फारुकी सुलतानांच्या काळीं तें खानदेशची राजधानी होतें. तेथील बाजारांत मोठ्या रुमालाएवढी पातळ मैद्याची रोटी उपड्या कढईवर भाजतात. ती हातांवरच झेलून वाढवितात, तींत कांहीं भरीत नाहींत, मांसाच्या रश्शाशीं ती खातात, आणि तिचें नांव 'मांडा' असेंच आहे. मोगलांच्या लष्करासाठीं ही रोटी तेथें निघाली अशी गोष्ट सांगतात. लष्कराच्या पंगतींनीं तिचा खप वाढला असेल, नाहीं असें नाहीं. पण मोगलांनीं ती आणली असें म्हणतां येणार नाहीं. आशीरगड अकबराच्या हातीं आला तो १६०१ मध्यें. त्यापूर्वीं साडेचारशेंहून अधिक वर्षें मंडक हें नांव व हीच करणी दक्षिणेंतील एका राजाच्या ग्रंथांत लिहिलेली आहे, आणि मांसाशीं खाण्याचा प्रकार भावमिश्रासहि ठाऊक आहे. ज्यास आपण परकें समजतों तेंच येथें मूळच्या रूपास अधिक धरून राहिलें आहे.

बेळगांवकडील मांडा याहून तिसरा. तो फार पातळ व कुरकुरीत असून त्यांत पिठीसाखर असते, पुरण नसतें. कानडींत त्यास मंडिगे म्हणतात. वऱ्हाड-नागपुराकडे मडक्यावर ज्या लांब पोळ्या करतात, त्यांची करणी हीच, पण नांव निराळें व पोट रिकामें. पोथ्यांच्या पाठभेदांचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस यापुढें फारसें सांगावयास नको. चार ठिकाणच्या प्रतींत जो पाठ समान येतो तो मूळ प्रतींतला मानतात, व जेथें प्रत्येक प्रत निराळें बोलते तेथें मागाहूनची भर शोधतात. येथें हातावर वाढविणें व उपडें भांडें हा चारी ठिकाणचा समान पाठ आहे, तीन ठिकाणीं नांवहि समान आहे; भेद आहे तो पोटांत काय घालावें याविषयींच. तेव्हां पुरण ही भर, आणि खापर हें मूळ, असें मानावें लागतें.

याच दृष्टीनें ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा पाहण्यासारखी आहे. निवृत्तिनाथांस मांड्यांची इच्छा झाली. मुक्ताबाई कुंभारवाड्यांत खापर आणावयास गेली. विसोबानें कुंभारांस बंदी केल्यामुळें तिला रिकाम्या हातीं परत यावें लागलें. तेव्हां ज्ञानदेवांनीं योगाग्नीनें पाठ तप्त केली व तिनें तीवर मांडे भाजले. महिपतीचा 'भक्तविजय' १७६२ चा. ज्ञानेश्वरांची समाधि १२९६ ची. एवढ्या अंतरावरून तेराव्या शतकांतील स्वयंपाकाचा पुरावा काढणें धाडसाचें होईल. पण कथा सांगणारा व ऐकणारा यांच्या मनांत काय गृहीत होतें तें तींतून दिसतें. कुंभारानें भांडें न दिलें तर मांडे अडतात, हें कोणास समजावून द्यावें लागत नव्हतें. घरांतला तवा कां चालला नाहीं, असें कोणी विचारीत नाहीं. पुरणाचा तर कथेस कांहींच उपयोग नाहीं. तप्त, रुंद, वर आलेली पाठ मात्र कथेचा प्राण आहे, कारण ती उपड्या खापरासारखी आहे. मुक्ताबाईची समाधि परंपरेनें तापीकांठीं मेहूण येथें मानतात व तें स्थान जळगांव जिल्ह्यांतच आहे, हें खानदेशी वाचकांस ठाऊकच आहे.

पातळ पोळींत सारण भरण्याची चाल आपल्याच देशाची नव्हे. रशियांत ब्लिनी, पोलंडांत नालेश्निकी, हंगेरींत पालाचिंता अशीं तिचीं रूपें आहेत. नालेश्निकींत पुष्कळदां फुटलेल्या दुधाचा चोथा भरतात. यांस मांड्यांचे भाऊबंद ठरविण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. तीं सर्व पातळ पिठाचीं, तव्यावर ओतून केलेलीं धिरडीं आहेत. कणीक ताणून पातळ करणें ही निराळी विद्या, आणि तिकडे तिचें उदाहरण पाहावयाचें तर मध्य युरोपांतील स्ट्रूडेल हें होय. नांवाच्या इतिहासासाठीं मात्र पालाचिंता उद्बोधक आहे. हा शब्द रुमानियन 'प्लाचिंता'वरून व तो लॅटिन 'प्लाचेंता'वरून आला. काटोनें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत जी प्लाचेंता सांगितली ती चीज व मध यांच्या थरांची जाड पोळी होती. तेथें नांव राहिलें आणि करणी पार बदलली. आपल्याकडे नांव व करणी दोन्ही टिकलीं, पोट भरलें. रशियांत मृताच्या स्मरणार्थ होणाऱ्या जेवणांत ब्लिनी लागतात हें वाचलें म्हणजे आखाजीची घागर आठवते खरी. पण अशा साम्यावरून संबंध जोडूं नये.

या विवेचनावर एक आक्षेप येईल. ग्रंथकारानें पुरण सांगितलें नाहीं एवढ्यावरून तें घालीत नव्हते असें कसें म्हणावें? एकट्या मानसोल्लासापुरता हा आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु भावप्रकाशांत मंडक व वेढमिका शेजारीं शेजारीं असून निराळीं आहेत, हें मौन नव्हे, साक्ष आहे. पुरण खापरावर केव्हां चढलें, ही मर्यादा अधिक जवळ आणावयाची असेल तर ती संस्कृत ग्रंथांतून येणार नाहीं, दफ्तरांतून येईल. लग्नमुंजींच्या, श्राद्धपक्षांच्या व भंडाऱ्यांच्या सामग्रीच्या मोडी याद्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं दोन नोंदींवर लक्ष ठेवावें: कुंभाराकडील खापरांची, आणि हरभऱ्याची डाळ व गूळ यांची. ज्या मितीच्या यादींत मांड्यांच्या बाबीखालीं या दोन्ही एकत्र सांपडतील ती मिती, व ज्या गांवची यादी त्या गांवाचें नांव, एवढें जरी कळविलें तरी पुरे आहे.