ग्रहलाघवातला गणक आणि आजचा एजंट

मंडळी, बीडमध्ये भास्कराचार्यांचं नाव घेतलं की सभेत थोडी चुळबूळ होतेच. आपलं गाव विज्जडविड, असं ते सांगतात. कोणी ते बीड मानतं, कोणी विजापूर. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा १२०७ चा शिलालेख त्यांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाची नोंद देतो, म्हणून काही जण त्या बाजूला बोट दाखवतात. तो वाद आज बाजूला ठेवू. मला त्यांच्या दोन ग्रंथांबद्दल बोलायचंय.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात ग्रहगणित असं का चालतं, याची उपपत्ती आहे. पुढे ११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. विषय तोच, वाचक वेगळा. सिद्धान्तात दिवस कल्पाच्या आरंभापासून मोजायचे, म्हणजे अहर्गण बारा अंकी. करणात ग्रंथाच्याच काळापासून मोजायचे. हा ग्रंथ पंचांग करणाऱ्या गणकासाठी होता. त्याला ‘का’ नको होतं. उद्या सकाळी चंद्र कुठे, एवढं हवं होतं.

आज हे काढायचं कारण असं. सॉफ्टवेअर करणारे लोक आता एआय एजंटसाठी साधनांची वर्णनं लिहितात: हे साधन काय करतं, त्याला काय द्यायचं, परत काय मिळेल. बहुतेक वेळा एजंटला आतला कोड दिसत नाही, समोर वर्णन तेवढं असतं. शेजारच्या टेबलावर जाऊन ‘अहो, हे क्षेत्र कशात?’ असं विचारण्याची सोय त्याला नसते. गावातला गणक याच अवस्थेत होता. ग्रंथकार तर कधीच वारलेला!

अशा वाचकासाठी लिहिणारा सगळ्यात कसलेला माणूस म्हणजे कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. ‘ग्रहलाघव’, शके १४४२, म्हणजे १५२०. ज्या-चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइनची कोष्टकं, त्यांनी काढूनच टाकली. शिवाय अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र बांधलं, त्यामुळे अहर्गण चार आकड्यांत राहतो. जिथे चूक होण्याची शक्यता जास्त, ती पायरीच ठेवली नाही.

करून बघू या. २०२५ चा पाडवा घ्या, शके १९४७. त्यातून १४४२ वजा केले की ५०५. अकराने भागा: चक्रं ४५, बाकी १०. बाकीला बाराने गुणा, १२० महिने. आता अधिकमास: १२० मध्ये चक्रांची दुप्पट, म्हणजे ९०, आणि वर १० मिळवा; २२० ला ३३ ने भागलं की ६. एकूण महिने १२६. तिसाने गुणून ३७८०. गेलेल्या तिथी शून्य. चक्रांचा सहावा भाग, ७, मिळवा: ३७८७. याला ६४ ने भागून येणारे ५९ क्षयदिवस वजा केले, की अहर्गण ३७२८.

आता खरी गंमत. चक्रांची पाचपट अहर्गणात मिळवा, ३९५३. सातने भागून बाकी ५. सोमवार शून्य धरला तर शनिवार आला. पण तो पाडवा ३० मार्चला, रविवारी होता! गणकाला याने धक्का बसत नाही. वार जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवा किंवा एक वजा करा, ही रीत त्याला ठाऊक असते. भास्कराचार्यांनीही ती सांगितली आहे. एक मिळवला, ३७२९, आणि प्रत्यक्ष दिवस मोजले तर तेवढेच भरतात. ५०५ वर्षांनंतर! वार कुणालाही माहीत असतो, म्हणून तोच तपासणीला घेतला. मला हे फार आवडतं.

एजंटसाठीच्या वर्णनांत नेमकं हेच राहून जातं. आपल्या सातबाऱ्याचंच बघा. ‘क्षेत्र: १.२०’ एवढंच लिहिलं तर ते काय? उताऱ्यावर एक हेक्टर वीस आर. बांधावर बोलताना एक एकर वीस गुंठे. पहिलं दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या एजंटला एकक सांगितलं नाही, तर तो चुकीचं क्षेत्र अगदी ठामपणे भरेल. शेतकऱ्याला कळेल ते दावा अडकल्यावर.

ग्रहलाघवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गणकाला सोपा म्हणून तो शतकानुशतकं चालला, आणि सूत्र सोपं असलं की लोक आकाशाकडे बघायचे थांबतात. मध्यमगतीतला बारीक फरक साचत गेला. एकोणिसाव्या शतकात पंचांगातलं ग्रहण आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण यांच्या वेळा जुळेनात. यात गणेश दैवज्ञांना दोष देणं मला पटत नाही. त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी स्वतः वेध घेऊन ‘ग्रहकौतुक’ केला होता, आणि पुढच्या गणकांनीही वेध घेऊन गणित सुधारावं, असं लिहून ठेवलं होतं. पण ती सूचना वडिलांच्या ग्रंथात राहिली, आणि रोज हाताळला गेला तो मुलाचा ग्रंथ.

शेवटी १८६० मध्ये केरोपंत छत्र्यांनी पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली, आणि ती मराठीत छापली. त्यावरून सुधारलेली पंचांगं निघाली, आणि जुन्या-नव्यांचे वाद पुढे कित्येक दशकं चालले. अधिकमास कोणता, यावरून एकाच गावात दोन पंचांगं. प्रश्न घ्यायला दहा मिनिटं आहेत. मागच्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत, आधी त्या.