चौघं एकदम विसरत नाहीत

१६२३ सालच्या नोव्हेंबरात पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी गोव्याकडून निघून कर्नाटकातल्या इक्केरीला चालला होता. वाटेत घाटातल्या एका देवळापाशी सामानाची बांधाबांध चालली होती आणि हा गृहस्थ नुसता बसून होता. तेव्हा त्याला देवळाच्या ओसरीत चार पोरं दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एकजण चालीवर आकडे म्हणतोय आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिहितोय, बाकीचे तिघं तसंच म्हणतायत, तसंच लिहितायत. जागा भरली की वाळू सारखी करायची आणि पुढे चालू. ना कागद, ना शाई, ना मास्तर.

देल्ला व्हाल्लेने त्यांना विचारलं, की तुमच्यापैकी कोणी चुकला किंवा विसरला तर दुरुस्त कोण करतं? पोरांचं उत्तर त्याने लिहून ठेवलंय. त्याचा मतितार्थ असा, की आम्ही चौघंही एकाच जागी चुकू किंवा विसरू असं होत नाही. एकजण अडला की दुसरा सांगतो.

मला हे उत्तर प्रचंड आवडतं. आम्ही ऑफिसात कोड रिव्ह्यू करतो तो ह्याच तत्त्वावर. पण आजचा विषय कोड नाही, गणिताचा गृहपाठ आहे. सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना गणितात मदत कोणी करायची आणि कशी, हा प्रश्न आपल्याकडे निदान दोनशे वर्षं चालू आहे. त्याचा प्रवास भारी गमतीशीर आहे, म्हणून हा लेख.

आपल्याकडे पूर्वी पंतोजींची शाळा असायची. कोणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात. धूळपाटीवर अक्षरं आणि आकडे गिरवायचे. वेगवेगळ्या वयाची पोरं एकत्र बसलेली. पंतोजी एकटे, त्यामुळे मोठ्या पोरांनी लहानांना म्हणून दाखवायचं, लहानांनी मागून म्हणायचं. संध्याकाळी घरी दिवेलागण झाली की शुभंकरोती आणि मग परवचा. आजी-आजोबांना विचारा, अजून पाठ असेल. परवच्यात नुसते दोन ते तीसचे पाढे नसायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे!

आता वाटेल, साडेतीनचा पाढा कशाला पाठ करायचा? तर तेव्हाचा हिशोबच तसा होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर. पावणेतीन आणे शेर असा भाव आहे, साडेतीन शेर घेतलं, तर किती झाले? नऊ आणे अडीच पैसे. कॅल्क्युलेटरशिवाय, दुकानात उभ्या उभ्या. पुन्हा पुन्हा लागणारं उत्तर दर वेळी नव्याने काढण्यापेक्षा एकदा काढून जवळ ठेवायचं, त्याला आपण आज कॅश म्हणतो. औटकी म्हणजे तीच, फक्त डोक्यात बसवलेली :)

ह्या पद्धतीचं कौतुक फार करण्यात अर्थ नाही. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि ओसरीवर बसायला कोणाला मिळायचं हे जातीवर ठरायचं. मुली तर जवळपास नव्हत्याच. पण एक गोष्ट होती. जे पाठ करायचं ते बाजारात लागायचं, आणि अडलं तर शेजारी बसलेला पोरगा नुकताच तिथून पुढे गेलेला असायचा.

आता गोष्ट जाते मद्रासला. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून तिथल्या सैनिकांच्या मुलांच्या अनाथाश्रमात काम बघत होता. हाताखालच्या मास्तरांना नवीन काही करून बघायची इच्छा नव्हती. बेलने एका मलबारी शाळेत मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं आणि ठरवलं की आपल्याकडेही असंच करायचं. मास्तर ऐकेनात, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठेक वर्षांच्या मुलाला लहान मुलांच्या वर्गावर बसवलं. ते जमलं. मग सगळी शाळाच मुलांकरवी चालवली. १७९७ मध्ये लंडनला त्याने ह्यावर पुस्तक छापलं आणि ही पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्याच सुमारास, १७९८ मध्ये, लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर ह्या तरुणाने गरीब मुलांसाठी शाळा काढली. तोही मुलांकडून मुलांना शिकवून घ्यायचा. पुढे बेल आणि लँकेस्टर ह्यांच्या गटांत श्रेयावरून जोरदार जुंपली, ते असो. आपल्याला महत्त्वाचं आहे ते लँकेस्टरने गणिताचं काय केलं ते.

लँकेस्टरला एका मास्तरात शेकडो मुलं सांभाळायची होती. म्हणजे आपल्या भाषेत, स्केल करायचं होतं. मग त्याने काय केलं, तर प्रत्येक गणित पायरीपायरीने सोडवून कागदावर लिहून ठेवलं. मॉनिटरने, म्हणजे वर्ग घेणाऱ्या मुलाने, ते वाचून दाखवायचं. 'सात आणि नऊ सोळा, सहा लिहा, हातचा एक.' बाकीच्यांनी पाटीवर लिहायचं. ह्यात त्याला मोठा फायदा वाटत होता, आणि तो त्याने अभिमानाने लिहूनही ठेवलाय, की वाचता येणारा कुठलाही मुलगा अशा रीतीने गणित शिकवू शकतो, मग त्याला स्वतःला ते गणित येत नसलं तरी चालेल.

हे वाक्य जरा परत वाचा. शिकवणाऱ्याला येत नसलं तरी चालेल!

घाटातली चार पोरं आणि लँकेस्टरचा मॉनिटर, दोन्हीकडे मुलंच मुलांना मदत करतायत. वरवर बघितलं तर पद्धत एकच. पण देवळात दुसरा पोरगा सांगतो कारण त्याला माहिती आहे, आणि लंडनमध्ये सांगतो कारण त्याच्या हातात उत्तर आहे. पहिल्यात चूक झाली तर कळते. दुसऱ्यात चूक होतच नाही, त्यामुळे काही कळतही नाही.

गंमत म्हणजे ही लंडनची आवृत्ती बोट पकडून परत आपल्याकडे आली. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२२ मध्ये मुंबईत देशी भाषांतल्या शाळा आणि पुस्तकांसाठी एक सोसायटी निघाली, पुढे तिचं नाव बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झालं. इथल्या शाळांत काय कमी आहे ह्याची पाहणी झाली, तेव्हा चार उणिवा काढल्या: पुस्तकं, पद्धत, शिक्षक आणि पैसा. (आजच्या कुठल्याही अहवालात खपेल अशी यादी आहे.) पद्धतीच्या उणिवेवर उपाय म्हणून लँकेस्टरचीच पद्धत पुढे आली. सोसायटीचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे पेशाने इंजिनिअर. त्यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. मराठीतून शालेय गणित शिकवायचा पाया इथे घातला गेला आणि तो मोठाच उपकार आहे. पण ओसरीवरून उचललेली कल्पना मद्रास-लंडन करून परत ओसरीवरच आली, आणि ज्यांच्याकडून उचलली त्यांना सांगितलं गेलं की तुमच्याकडे पद्धतच नाही!

खुद्द इंग्लंडमध्ये ही पद्धत फार टिकली नाही. पाठ म्हणून दाखवतात पण येत काही नाही, अशा तक्रारी वाढल्या आणि १८४६ पासून मोठ्या मुलांना काही वर्षं उमेदवारी करायला लावून शिक्षक बनवायची योजना आली. म्हणजे निदान शिकवणाऱ्याला आलं पाहिजे, हे मान्य झालं.

आपल्याकडे परवचा मात्र पुढची शंभरेक वर्षं घरोघरी चालू राहिला, कारण आणे-पै चालू होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे १०० पैसे झाले. १९५६ च्या कायद्यानंतर शेर-मण जाऊन टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. हिशोब दशमान झाला, फार बरं झालं. पण पावकी-निमकीचं काम संपलं आणि ती पुस्तकातून गेली. तोवर अपूर्णांक म्हणजे रोजच्या बाजारातली गोष्ट होती, आता तो एक धडा झाला. वर अंश, खाली छेद, मध्ये रेघ.

हे सगळं मी का वाचत बसलो, तर आम्ही ऑफिसातले पाच-सहा जण दर शनिवारी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत सहावी ते आठवीच्या मुलांचं गणित घ्यायला जातो. तिथे सातवीतली एक मुलगी आहे. वही एकदम स्वच्छ, सगळीकडे बरोबरच्या खुणा. आईच्या मोबाईलवर गणिताचा फोटो काढते, ॲप पायऱ्यांसकट उत्तर देतं, ती उतरवते. लँकेस्टरचा मॉनिटर आता खिशात मावतो. पण वही मिटून 'एक पूर्णांक एक छेद चार गुणिले साठ' दिलं की पेन थांबतं.

तिची आई भाजी विकते, आणि संध्याकाळी हीच पोरगी गाडीवर बसते. मी विचारलं, साठ रुपये किलोची भेंडी सव्वा किलो घेतली तर? मी प्रश्न संपवायच्या आत उत्तर आलं, "पंचाहत्तर."

ह्यात ती एकटी नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गाडीवर १०० पैकी ९८ हिशोब बरोबर, तीच गणितं कागदावर नुसते आकडे मांडून दिली तर १०० पैकी ३७. २०२५ मध्ये 'नेचर' मध्ये आलेल्या अभ्यासात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल तेच दिसलं. उलट बाजूही दिसली. फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब जमेना. म्हणजे पूल दोन्हीकडून तुटलेला आहे.

तो पूल त्या दिवशी बांधला नववीतल्या एका मुलाने. मला सातवी सोडून पंधरा वर्षं झाली. अपूर्णांक मला इतका सवयीचा झालाय की त्यात अडण्यासारखं काय आहे, हेच आता दिसत नाही. त्याला दिसत होतं. त्याने वहीत रेघेवरच्या आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं, "अगं, हे तुझं सव्वाच आहे. फक्त शाळेत असं लिहितात." ती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग पावणेदोन कसं लिहायचं?" त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच. उत्तर पाहिजे असणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

ह्या कल्पनेची मोठ्या प्रमाणावर परीक्षाही झालीय. 'प्रथम' ह्या १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने बालसखी नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतलीच, साधारण दहावी झालेली मुलगी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच दोन तास वेगळं बसवून, त्यांना जिथपर्यंत येतं तिथून पुढे शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात ह्याचं मोजमाप केलं. गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्यांचे. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की मदत थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला. दोन महिने ट्यूशन लावून गणित 'पक्कं' होत नाही, ते ह्यामुळेच.

आणि न अडकणाऱ्यांपेक्षा अडकलेलेच जास्त आहेत. 'असर'च्या पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी ते किती जणांना आलं? २०१८ मध्ये १०० पैकी ४४, २०२२ मध्ये ४५, २०२४ मध्ये ४६. त्या उरलेल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या गृहपाठात आज बैजिक राशी आहेत. भागाकार अडलेल्या मुलाला समीकरणाचं उत्तर सांगणं म्हणजे तळमजला नसताना दुसऱ्या मजल्याला रंग देणं. आमच्या त्या सातवीतल्या मुलीला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. तिच्या शेजारच्या दोन ताया दहावीला गणितात राहिल्या, आणि त्यांची शाळा तिथेच संपली.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात, सोसायटीत, वॉचमनकाकांच्या खोलीत कोणी सहावी-सातवीतलं पोर गृहपाठ घेऊन आलं, तर एवढंच करून बघा. उत्तर बरोबर आहे का हे नंतर बघू. आधी त्याला शेवटचं बिनचूक काय येतं ते शोधा, मग ते चौथीतलं असलं तरी हरकत नाही. ते त्याच्या ओळखीच्या शब्दात विचारा. सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द मराठीने आपल्याला फुकट दिलेत, वापरा ना! आणि जमलं तर त्याच्याहून दोन वर्षांनी मोठं पोर शेजारी बसवा. शिकवताना त्याचंही पक्कं होतं.

येत्या शनिवारी तो नववीतला आणि ही सातवीतली, दोघं मिळून सहावीच्या चौघांना अपूर्णांक सांगणार आहेत. तिने आधीच बजावलंय, की वजनकाटा ती घरून आणणार.