उपग्रह ‘पाडला’, म्हणजे नक्की काय केलं?

२१ फेब्रुवारी २००८, गुरुवार. आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ५६ मिनिटं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदल्या दिवसाची रात्र होती आणि आकाशात खग्रास चंद्रग्रहण चालू होतं. लोक ग्रहण बघत होते त्याच वेळी तिकडे हवाई बेटांजवळ, प्रशांत महासागरात, ‘यूएसएस लेक एरी’ या युद्धनौकेवरून एसएम-३ जातीचं एक क्षेपणास्त्र सुटलं. काही मिनिटांत ते सुमारे २४७ किलोमीटर उंचीवर अमेरिकेच्याच एका उपग्रहावर जाऊन आदळलं. ‘अमेरिकेने बिघडलेला उपग्रह पाडला’ अशीच बातमी सगळीकडे झाली.

माझं भांडण आहे ते या ‘पाडला’ शब्दाशी. आंबा पाडतात, विमान पाडतात. उपग्रह तसा पाडता येतो का? चला, आधी गोष्ट सांगतो, मग भांडण.

उपग्रहाचं नाव यूएसए-१९३. हेरगिरीचा उपग्रह, वजन साधारण २,३०० किलो. १४ डिसेंबर २००६ रोजी कॅलिफोर्नियातल्या वँडेनबर्ग तळावरून डेल्टा-२ रॉकेटने तो वर गेला. कक्षेत व्यवस्थित पोचला आणि लगेचच त्याच्याशी संपर्क तुटला, तो पुन्हा जुळलाच नाही. आमच्या धंद्यात एखादा सर्व्हर असा गप्प झाला तर निदान कुणाला तरी डेटा सेंटरमध्ये पाठवून बटण दाबता येतं. इथे ती सोय नाही. वर जाऊन वर्ष उलटलं तरी हा गडी पृथ्वीभोवती मुक्यानेच फिरत होता आणि दर फेरीला थोडा थोडा खाली येत होता.

खाली का येत होता? अडीचशे-तीनशे किलोमीटरवर हवा अगदीच विरळ असते, पण असते. तिच्याशी घासून उपग्रहाची गती मोडत जाते. चालू उपग्रह मधूनमधून इंजिन पेटवून स्वतःला पुन्हा वर ढकलतो. मेलेल्याला ते जमत नाही. २००८ चा मार्च उजाडेपर्यंत तो वातावरणात शिरणार हे दिसत होतं. कुठे शिरणार, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५८.५ अंशांचा कोन करत होती. म्हणजे ५८.५ अंश उत्तर ते ५८.५ अंश दक्षिण यांमधलं काहीही त्याच्या वाटेत येऊ शकत होतं. त्यात जवळजवळ सगळी माणसं आली. आमचं कासूही आलं.

कासू म्हणजे पनवेल-रोहा लाईनवर पेण आणि नागोठण्याच्या मधलं स्टेशन. साधारण १८.६ अंश उत्तर. बहुतेकांनी ते गाडीच्या खिडकीतूनच पाहिलं असेल! पण आकाशातून काहीतरी पडणार ही भीती आमच्या भागाला नवीन नाही. जुन्या माणसांना ‘स्कायलॅब’ एवढंच म्हणा, की गोष्टी सुरू होतात. जुलै १९७९, ऐन लावणीचे दिवस. रेडिओवर रोज बातम्या, की अमेरिकेचं सत्त्याहत्तर टनांचं अंतराळस्थानक कोसळणार आणि भारतही त्याच्या वाटेवर आहे. कुणी म्हणे जगबुडी होणार, कुणी म्हणे आता लावणी करून तरी काय उपयोग. ११ जुलैला रात्री दहाच्या सुमारास (आपली वेळ) ते हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यातुकड्यांनी पडलं. तिथल्या एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोकला. आपल्याकडे भातं नेहमीसारखी लावून झाली.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. स्कायलॅब म्हातारं झालं होतं, पण मेलं नव्हतं. शेवटच्या दिवसापर्यंत ते जमिनीवरून दिलेल्या आज्ञा ऐकत होतं. नासाच्या लोकांनी त्याचं तोंड फिरवून पडण्याची जागा थोडी पुढे सरकवण्याचा प्रयत्न केला होता. यूएसए-१९३ च्या बाबतीत तेही शक्य नव्हतं.

१४ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेने जाहीर केलं, की राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशावरून हा उपग्रह क्षेपणास्त्राने उडवायचा आहे. कारण दिलं हायड्राझिनचं. हायड्राझिन हे उपग्रहाचं इंधन, आणि अत्यंत विषारी. एरवी उपग्रह आयुष्यभर ते वापरत राहतो, त्यामुळे खाली पडेपर्यंत टाकीत फारसं काही उरत नाही. हा बिचारा पहिल्याच दिवशी गेल्यामुळे टाकी भरलेली. सुमारे ४५० किलो. हायड्राझिन साधारण २ अंश सेल्सिअसला गोठतं, आणि उपग्रहातले हीटर बंद पडलेले. म्हणजे टाकीत इंधनाचा बर्फाचा गोळा झालेला. अमेरिकेचं म्हणणं असं, की ही टाकी न जळता जमिनीपर्यंत येईल, फुटली तर साधारण दोन फुटबॉल मैदानांएवढ्या जागेत विषारी वायू पसरेल, आणि तिथे जी माणसं असतील त्यांच्या जिवावर बेतू शकेल.

हे कारण आमच्या पेण-रोह्याकडच्या माणसाला पटकन कळतं. याच लाईनवर रसायनी स्टेशन आहे. तिथल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात नायट्रोजन टेट्रॉक्साईड तयार व्हायचं, ते इस्रोच्या रॉकेटांसाठी जायचं. हायड्राझिनच्या जातीचं इंधन जाळायला जो जोडीदार लागतो, तो हा. २०१७ मध्ये त्या कारखान्यातले बाकीचे प्लांट बंद करायचं ठरलं, तेव्हा एवढा एक प्लांट ठेवून इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला. तेव्हा रॉकेटची रसायनं आपल्याला अगदीच परकी नाहीत. कारखान्याच्या बाजूला राहणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. टाकीत काय आहे, हे बाहेरच्याला आधी कधीच कुणी सांगत नाही!

पण टाकी खरंच जमिनीपर्यंत येते का? त्या वेळी अनेकांनी शंका काढली होती. नासाचे तेव्हाचे प्रमुख मायकल ग्रिफिन यांनी ‘कोलंबिया’ यानाचा दाखला दिला. २००३ च्या अपघातात त्या यानाची हायड्राझिनची टाकी टेक्ससमध्ये येऊन पडली होती. आता आपल्याकडे तर घरचाच पुरावा आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधल्या लोकांनी आकाशात आगीच्या रेघा सरकताना पाहिल्या. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. पवनपारजवळ आणि आसपास धातूचे गोल गोळे मिळाले. अभ्यासकांच्या मते ते चिनी ‘चांग झेंग-३बी’ रॉकेटचे अवशेष होते. सुदैवाने कुणाला लागलं नाही. ते गोळे म्हणजे वायू दाबून भरायच्या टाक्या. आकार गोल, बांधणी भक्कम, त्यामुळे बाकी सगळं जळालं तरी टाकी खाली येते. म्हणजे अमेरिकेचं कारण अगदीच थाप नव्हतं.

मग सगळं कारण एवढंच होतं का? इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. उपग्रहाचा तुकडा पडून कुणी मेल्याची त्या दिवसापर्यंत एकही नोंद नव्हती. कॅलेंडर मात्र वेगळीच गोष्ट सांगतं. ११ जानेवारी २००७ ला चीनने आपला जुना फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून दाखवला होता. १२ फेब्रुवारी २००८ ला रशिया आणि चीनने जिनिव्हात अंतराळात शस्त्रं ठेवण्याविरुद्धच्या कराराचा मसुदा मांडला. आणि त्यानंतर बरोब्बर दोन दिवसांनी अमेरिकेची घोषणा. माणसांना असलेला धोका खरा आणि लहान होता. ताकद दाखवण्याची संधी खरी आणि मोठी होती. माझ्या मते दोन्ही कारणं एकाच वेळी खरी होती. सरकारी निर्णयांत हे असं नेहमीच होतं, फक्त प्रेस कॉन्फरन्समध्ये एकच कारण सांगतात.

आता माझ्या आवडीचा भाग. एसएम-३ हे उपग्रहांसाठी बनवलेलंच नव्हतं. शत्रूची क्षेपणास्त्रं अडवणं हे त्याचं काम. अमेरिकन नौदलाने आणि कंत्राटदारांनी मोजक्या आठवड्यांत त्याचं सॉफ्टवेअर बदललं. लक्ष्य नेहमीपेक्षा कितीतरी वेगवान, नेहमीसारखं तापलेलं नाही, आणि उष्णतेवरून शोधणाऱ्या डोळ्याला तेच शोधायचं. तीन क्षेपणास्त्रं तयार ठेवली होती, लागलं एकच. त्याच्या टोकाला स्फोटकं नव्हती, त्यांची गरजच नव्हती. दोघांचा एकमेकांकडे येण्याचा वेग ताशी पस्तीस हजार किलोमीटरच्या घरात. त्या वेगाला नुसती धडकच पुरते. ‘अटलांटिस’ यान सातजणांना घेऊन वर होतं, ते २० फेब्रुवारीला खाली उतरेपर्यंत थांबले, आणि त्याच दिवशी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हुकूम दिला. पहिल्याच फटक्यात काम झालं. काही दिवसांनी पेंटॅगॉनने जाहीर केलं, की टाकी फुटल्याची जवळजवळ खात्री आहे. कामगिरीचं नाव होतं ‘ऑपरेशन बर्न्ट फ्रॉस्ट’. जळालेलं हिव! नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात तो गोठलेला इंधनाचा गोळाच असणार.

आता ते भांडण. विमानाला गोळी लागली की ते पडतं, कारण हवेत तरंगण्यासाठी त्याला पंख आणि इंजिन लागतं. उपग्रह तरंगत नसतो. तो सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावत असतो, आणि त्या वेगामुळेच वर राहतो. त्याला फोडलं तर एकाचे शेकडो होतात आणि प्रत्येक तुकडा जवळपास त्याच वेगाने धावत राहतो. पडत कुणीच नाही! काही तुकड्यांना धडकेत जास्तीचा धक्का बसतो, ते तर आधीपेक्षाही उंच जाऊन येतात. फक्त एक नियम आपल्या बाजूने आहे. असा उंच उडालेला तुकडासुद्धा प्रत्येक फेरीत पुन्हा धडकेच्या उंचीपर्यंत किंवा त्याहून खाली उतरतोच. त्या उंचीवर हवा असेल तर ती त्याला दर फेरीला ओढत राहते आणि शेवटी खाली आणते. हवा नसेल तर तो फिरतच राहतो.

म्हणजे नेम कसा लागला, यापेक्षा कोणत्या उंचीवर लागला हे महत्त्वाचं. यूएसए-१९३ फुटला २४७ किलोमीटरवर. नोंदवलेले तुकडे १७४. बहुतेक काही आठवड्यांत-महिन्यांत जळून गेले, शेवटचा २००९ मध्ये. फेंगयुन फुटला सुमारे ८६५ किलोमीटरवर. नोंदवलेले तुकडे तीन हजारांच्या वर, आणि त्यांतले बरेचसे आजही डोक्यावर फिरत आहेत. अमेरिकेनेही हे आधी केलं होतंच. १३ सप्टेंबर १९८५ रोजी एफ-१५ विमानातून क्षेपणास्त्र सोडून ‘सोलविंड’ नावाचा उपग्रह त्यांनी सव्वापाचशे किलोमीटरवर फोडला, तोही शास्त्रज्ञ वापरत असलेला, चालू. त्याचा शेवटचा तुकडा जायला २००४ उजाडलं.

आणि आपण? २७ मार्च २०१९, ‘मिशन शक्ती’. दोन महिन्यांपूर्वीच सोडलेला ७४० किलोचा मायक्रोसॅट-आर हा उपग्रह डीआरडीओने ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र सोडून तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर फोडला. उंची मुद्दाम कमी निवडली होती, आणि हा धडा २००८ चाच. अभिमान मलाही वाटला, खोटं कशाला बोलू. पण ४५ दिवसांत तुकडे जळून जातील असं डीआरडीओच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. बहुतेक गेलेही लवकर, तरी थोडे मागे राहिलेच, आणि शेवटचे खाली यायला २०२२ साल लागलं. नासाने तर लगेचच सांगितलं, की २४ तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्याही वर जाऊन येत आहेत. तोच तो जास्तीचा धक्का! भौतिकशास्त्र पासपोर्ट बघत नाही.

नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने कॉसमॉस-१४०८ फोडला, दीड हजारांच्या आसपास मोठे तुकडे झाले. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने असे प्रयोग आपण करणार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तशाच ठरावाला १५५ देशांनी पाठिंबा दिला. भारत तटस्थ राहिला.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच. बिघडलेला उपग्रह पाडता येत नाही, फक्त फोडता येतो. तो अगदी खाली आलेला असेल आणि पोटात विष घेऊन येत असेल तर फोडणं एक वेळ समजू शकतो. तेही आधी जगाला सांगून, कारण आणि वेळ देऊन. २००८ मध्ये निदान सहा दिवस आधी सांगितलं तरी. लाडबोरीच्या लोकांना पाडव्याच्या संध्याकाळी कुणीच काही सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर क्षेपणास्त्राच्या नेमापेक्षा मोठी गोष्ट साधी आहे. वर पाठवताना खाली कसं आणायचं ते आधी ठरवा, आणि टाकीत काय आहे ते खालच्यांना सांगा. कारण खाली नेहमी कुणीतरी असतं. कधी चंद्रपुरात, कधी पेण-रोह्यात लावणीला वाकलेलं.

असो. आजच्यासाठी इतकं पुरे.