चौकटीतली सभा

महाभारतातल्या संजयाला हस्तिनापुरी बसून कुरुक्षेत्र दिसले खरे. पण कुरुक्षेत्रावरच्या कोणाला संजय दिसला नाही. यंत्रयुगातला आरंभही असाच एकतर्फी झाला. ७ एप्रिल १९२७ रोजी बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेने वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या हर्बर्ट हूवर यांचा चेहरा तारेवरून न्यूयॉर्कला नेला. हूवरसाहेब तेव्हा अमेरिकेचे व्यापारमंत्री होते. न्यूयॉर्ककरांनी त्यांना डोळे भरून पाहिले. त्यांच्या वाट्याला मात्र पलीकडचा नुसता आवाज आला.

१९७० साली पिट्सबर्ग शहरात ‘पिक्चरफोन’ भाड्याने मिळू लागला. महिन्याचे भाडे १६० डॉलर, आणि त्यात बोलणे अवघे ३० मिनिटे! शिवाय ज्याच्याशी बोलायचे त्याच्याही घरी तेच यंत्र हवे. गिऱ्हाईक फिरकले नाही. कंपनीने थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळला.

जे धनाढ्य कंपनीला साधले नाही ते एका विद्यापीठाने, फारसा गाजावाजा न करता, साधले. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचे गाव आहे. तिथले कॉर्नेल विद्यापीठ. १९९२ साली तिथल्या टिम डोर्सी यांनी मॅकिंटॉश संगणकासाठी एक आज्ञावली लिहिली. नाव ‘सीयू-सीमी’. सीयू म्हणजे कॉर्नेल युनिव्हर्सिटी. पण कानाला ऐकू येते ते ‘तू मला दिस, मी तुला दिसतो’. विद्वानांनाही कोटीचा मोह आवरत नाही, तो असा!

चित्र केवढे? १६० बाय १२० ठिपक्यांचे, आणि रंग म्हणाल तर करड्याच्या १६ छटा. आवाज नाहीच. पण युक्ती पाहा. चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, आणि मागच्या क्षणापेक्षा जो चौकोन बदलला असेल तेवढाच पाठवायचा. भिंत जागची हलत नाही, मग ती पुन्हा पुन्हा कशाला धाडा? हललेले ओठ, उघडमीट झालेली पापणी पोचली की पुरे. शहाणी शेजारीण नाही का, कालच्यानंतर जे नवे घडले तेवढेच सांगून मोकळी होते! पुढे ‘रिफ्लेक्टर’ आला : प्रत्येकाने आपले चित्र त्याच्याकडे द्यावे, त्याने ते सर्वांना वाटावे. दोघांच्या भेटीची अशी सभा झाली. १९९४ साली इलिनॉय विद्यापीठातल्या ‘मेव्हन’ या आज्ञावलीच्या आधाराने तिला वाचाही फुटली. आणि हे सारे फुकट.

या सभेची खरी गरज पडली ती २०२० साली. महामारीने विद्यापीठांना कुलपे लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिलमध्ये पीएच.डी.ची तोंडी परीक्षासुद्धा दूरदृश्य प्रणालीने घेण्यास मुभा दिली. वर्षानुवर्षे राबून लिहिलेल्या प्रबंधाचा निकाल आता घरातल्या तारेवर लोंबकळू लागला. चित्रे तोवर रंगीत, ठसठशीत झाली होती. त्यांची भूकही तशीच वाढली होती. कोकणातल्या काही मुलांना त्या दिवसांत रेंज शोधत डोंगर चढावा लागला. आवाज तुटू नये म्हणून मग कॅमेरे बंद करायचे, आणि काळ्या चौकटीकडे पाहत, हूवरसाहेबांप्रमाणे, पलीकडचा नुसता आवाज ऐकायचा.