जमिनीवरचे विमान

मद्रासच्या आकाशात 1910 साली एक विमान उडाले. जाकोमो द'अँजेलिस या हॉटेलमालकाने ते दुपंखी विमान सिम्प्सन कंपनीच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात तयार करविले होते आणि उडविलेही स्वतःच. त्या शहरात त्याला ही विद्या शिकविणारा गुरू कोठून मिळणार? चुकल्यास विमान मोडायचे, अथवा हाड. शिक्षणाची रीत तीच होती.

पुढे 1932 च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस विमानाने टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा ही सेवा पुण्याचा आश्रय घेई. परंतु चिखलाहून ढग अधिक घातकी. ढगात क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय माणसास फसविते. विमान वळत वळत खाली जात असता वैमानिकास आपण सरळ चाललो आहोत असेच वाटते. अशा वेळी देहाची साक्ष नाकारून समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवावयाचा असतो, आणि तो ठेवण्याची सवय आधी लागलेली असावी लागते.

ही सवय जमिनीवरच लावण्याचे यंत्र निघाले ते अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे, पियानो व ऑर्गन बनविणाऱ्या एका कारखान्यात! कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने 1929 च्या सुमारास आखूड पंखांची एक पेटी भात्यांवर बसविली. आतला दांडा हलविला की झडपा उघडत, भाते फुगत वा मिटत आणि पेटी कलत असे. वर झाकण लावले की शिकाऊ वैमानिकापुढे उरत त्या केवळ तबकड्या. प्रारंभी हे यंत्र जत्रेतील करमणूक म्हणूनच खपले. 1934 साली टपालाचे काम अंगावर पडलेल्या अमेरिकन सैन्याचे वैमानिक खराब हवेत एकामागून एक मृत्युमुखी पडले, तेव्हा सैन्याने 6 यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक याच पेटीत शिकले.

1979 साली ब्रूस आर्टविक याचा उड्डाणाचा खेळ घरगुती संगणकावर आला आणि भाता गेला. पण त्याबरोबर हाताला लागणारा दांडाही गेला. कळफलकावर विमान चालविणे म्हणजे चित्रातल्या पेटीवर बोटे फिरविणे. म्हणून हौशी मंडळी घरात खरा दांडा, पायपट्ट्या, बटणे बसवू लागली. दांड्याची गोष्ट सोपी: तो फिरला की विजेचा दाब बदलतो, त्याचा आकडा होतो व संगणकास कळतो. कठीण आहे ते उलट बोलणे. पडद्यावरील विमानाची चाके उतरली तर मेजावरचा हिरवा दिवा लागला पाहिजे. त्यासाठी खेळाच्या पोटातील आकडे बाहेर काढावे लागतात. पीट डाउसन या इंग्रज गृहस्थाच्या आज्ञावलीने ही वाट मोकळी केली. 2006 साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच अधिकृत दार ठेवले.

तरीही एक खोड उरतेच. मेजावरील बटण काल 'चालू' राहिले आणि आज खेळ 'बंद' अवस्थेत उघडला, तर दोघांत खरे कोण? जाणते लोक उड्डाणापूर्वी प्रत्येक बटण एकदा हलवून दोहोंचा मेळ घालतात. मग मीनंबाक्कमची धावपट्टी चेन्नईतल्या घरात समोर येते, अगदी तबकड्यांच्या भरवशावर. या घरातील तास मात्र वैमानिकाच्या अधिकृत नोंदवहीत धरले जात नाहीत.